मंडळीपासून जनरल कॉन्फरन्सपर्यंत: मेथडिस्ट चर्चचे मधले थर आणि गोव्यातली आपली माणसं

गोव्यातले मराठी बोलणारे प्रोटेस्टंट लोक बहुतेक करून नोकरीधंद्यासाठी इकडे आलेले, कोणी वास्कोला पोर्टवर, कोणी वेर्णा नाहीतर कुंडईच्या कंपनीत, कोणी फोंड्यात दुकान टाकून बसलेले. कोल्हापूरकडचा माणूस अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, वाढलेला असतो, नगर-सोलापूरचा अमेरिकन मराठी मिशनच्या, धारवाड-हुबळीचा बासेल मिशनच्या आणि बेळगाव, पुणे, तळेगावचा मेथडिस्ट. इथे आल्यावर आजूबाजूला सगळे कॅथलिक, म्हणजे कानावर सतत काय पडतं, तर व्हिगार, पॅरिश, आर्चबिशप. मग आपल्याकडे पाळक (पास्टर) कोण पाठवतं, पैसे कुठे जातात, तक्रार कोणाकडे करायची, नवीन मंडळी सुरू करायला परवानगी कोणाची, यावर दर रविवारी उपासनेनंतर चहा पिताना चर्चा होते आणि प्रत्येक जण आपापल्या गावची पद्धत सांगतो. म्हणून मेथडिस्ट चर्च इन इंडियात, म्हणजे एमसीआयमध्ये, स्थानिक मंडळी आणि देशपातळी यांच्या मधे काय काय असतं आणि त्यातून आपलं काम कसं पुढे न्यायचं ते सगळं एका जागी लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. मेथडिस्ट चर्चमध्ये खरा अधिकार सभेचा, कॉन्फरन्सचा असतो. बिशप असतात, डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट (डीएस) असतात, त्यांचा मान मोठा आहे, पण नियम करणं, बजेट मंजूर करणं, कोणाला पाळकपदाची दीक्षा द्यायची ते ठरवणं हे सगळं सभेत मतदानाने होतं आणि त्या सभेत पाळकांबरोबर तुमच्या-आमच्यासारखे साधे सभासदही बसतात. त्यामुळे "वरच्यांनी ठरवलं" म्हणून हात झटकता येत नाहीत, वरच्या सभेत आपला डेलिगेट बसलेला असतो.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय गोंधळ जात नाही

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या काळात, १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होतं. ते फेडायला सभासदांचे साधारण बारा-बारा जणांचे गट केले, प्रत्येक गटाला एक लीडर, आणि लीडरने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. घरोघर पैसे घ्यायला गेल्यावर लीडरला कळायला लागलं की या घरात आजारपण आहे, त्या घरात दारू आहे, कोणी प्रार्थनेला यायचं सोडलंय. मग तोच गट एकमेकांची विचारपूस करणारा क्लास झाला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, की या चर्चची सगळ्यात खालची रचना कर्जाच्या वसुलीतून उभी राहिली आणि तीच माणसांची काळजी घेणारी झाली. पुढे १७४४ मध्ये लंडनला वेस्लीने दहा जणांची पहिली कॉन्फरन्स घेतली, काय शिकवायचं, कसं शिकवायचं आणि काय करायचं या तीन प्रश्नांवर. नंतर उपदेशकांचे फिरतीचे भाग पाडले, ते सर्किट. वेस्ली १७९१ मध्ये वारला तेव्हा सगळं धरून ठेवणारा एकच माणूस गेला, आणि सर्किट व कॉन्फरन्स यांच्या मधे डिस्ट्रिक्ट हा थर तयार झाला.

अमेरिकेत गोष्ट वेगळी घडली. तिथे १७८४ मध्ये बाल्टिमोरला स्वतंत्र चर्च झालं, त्यांनी बिशप हे पद ठेवलं आणि अंतरं इतकी प्रचंड की सगळे उपदेशक एका जागी जमणं अशक्य, म्हणून वेगवेगळ्या भागांच्या वार्षिक कॉन्फरन्स झाल्या आणि १७९२ पासून दर चार वर्षांनी सगळ्यांची मिळून जनरल कॉन्फरन्स.

हे कशासाठी सांगितलं, तर गूगलवर "मेथडिस्ट रचना" टाकलं की निम्मी माहिती ब्रिटनची येते, सर्किट, सिनॉड, एका वर्षापुरता निवडलेला कॉन्फरन्सचा प्रेसिडेंट, आणि बिशप नाहीत. ती वाचून आपल्याकडे लावायला जाऊ नका. ब्रिटिश मेथडिस्टांची भारतातली मंडळी दक्षिणेत १९४७ ला सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) आणि उत्तरेत १९७० ला सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणजे अनेक चर्च एकत्र येऊन झालेल्या चर्चमध्ये, गेली. एमसीआय ही अमेरिकन शाखेतून आलेली. विल्यम बटलर १८५६ ला बरेलीला आले, १८७० च्या दशकात विल्यम टेलर यांच्यामुळे मुंबईकडे काम सुरू झालं, बेळगावचं काम आधी लंडन मिशनचं होतं ते १९०४ मध्ये मेथडिस्टांकडे आलं. १९३०-३१ मध्ये जशवंत राव चितंबर हे पहिले भारतीय मेथडिस्ट बिशप झाले, घराणं मूळचं मराठी. १९७० च्या युनियनमध्ये हे चर्च गेलं नाही आणि १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त झालं. म्हणजे आपली शिडी अशी: पास्टोरेट, डिस्ट्रिक्ट, रीजनल कॉन्फरन्स, तिच्यावर बिशपांचा एपिस्कोपल एरिया, आणि सगळ्यात वर जनरल कॉन्फरन्स.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरण म्हणून धरून चला की फोंड्यात आठ-दहा मराठी कुटुंबं कोणाच्या तरी हॉलमध्ये दर रविवारी संध्याकाळी जमतात आणि त्यांना मेथडिस्ट मंडळी म्हणून रीतसर उभं राहायचंय.

पायरी १: तुमचं नाव कुठल्या रजिस्टरला आहे ते शोधा

गोव्यात दहा-बारा वर्षं राहिलेल्या माणसाचंही नाव अजून गावच्या मंडळीच्या रजिस्टरला असतं, हे फार कॉमन आहे. गावी वर्गणी जात नाही, इकडे सभासद नाही, म्हणजे कुठेच नाही. निवडणुकीत मत नाही, कमिटीवर येता येत नाही, आणि मुलाच्या लग्नाच्या वेळी सर्टिफिकेटसाठी धावपळ. त्यामुळे पहिलं काम, गावच्या पाळकांना पत्र लिहून सभासदत्वाचं ट्रान्सफर लेटर मागवा. त्यात बाप्तिस्म्याची तारीख, कन्फर्मेशन झालंय की नाही, आणि कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव वेगळं लिहून घ्या, नुसतं "श्री. अमुक आणि कुटुंब" असं लिहिलेलं चालवून घेऊ नका, पुढे मुलं मोठी झाली की तोच कागद अडतो. व्हॉट्सॅपवर फोटो आला तरी मूळ कागद पोस्टाने मागवा.

जे कोल्हापूर किंवा हुबळीकडून आलेत त्यांचं चर्च वेगळं आहे, सीएनआय नाहीतर सीएसआय, त्यांच्याकडे डायोसिसची, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या प्रांताची, पद्धत असते. त्यांनाही यायचं असेल तर दार उघडं आहे, पण त्यांच्या मंडळीचं पत्र घेऊनच घ्या. माणसं पळवली असं कोणी म्हणता कामा नये, शेवटी सगळ्यांना एकाच गावात राहायचंय.

पायरी २: कुठला डिस्ट्रिक्ट, ते नकाशावरून ठरवू नका

चर्चचा डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकारी जिल्हा नव्हे. उत्तर गोवा-दक्षिण गोवा ही विभागणी चर्चला लागू नाही आणि राज्याची हद्दही तितकी लागू नाही, मंडळ्या कशा वाढल्या त्यावर हद्दी ठरल्यात. बेळगाव गोव्याला जवळचं, चोर्ला घाटाने गेलं की पोचलो, पण बेळगाव डिस्ट्रिक्ट साउथ इंडिया रीजनल कॉन्फरन्समध्ये येतो, जिचे बिशप बंगळुरूचे. पुणे-मुंबई मात्र बॉम्बे रीजनल कॉन्फरन्समध्ये. म्हणजे एकाच हॉलमध्ये शेजारी बसलेले बेळगावकर आणि पुणेकर दोन वेगळ्या कॉन्फरन्समधून आलेले असू शकतात. नव्या गटाने आधी जवळच्या मेथडिस्ट पाळकांना भेटून विचारावं की आमची नोंद कोणाच्या हाताखाली होईल, आणि उत्तर लेखी घ्यावं. दोन्हीकडे अर्ज टाकून जो आधी हो म्हणेल तो आपला, असं करू नका, त्यातून दोन डीएस साहेबांमध्ये उगाच कडवटपणा येतो आणि मार तुम्ही खाता.

पायरी ३: पास्टोरेट नीट चालवा

पास्टोरेट म्हणजे एका पाळकाच्या जबाबदारीतला भाग, त्यात एक मंडळी असेल किंवा लहान लहान चार. फोंड्याचा गट सुरुवातीला दुसऱ्या एखाद्या पास्टोरेटला जोडलेला राहील, वेगळा पाळक लगेच मिळणार नाही, हे मनात धरूनच चालायचं. महिन्यातून एकदा-दोनदा पाळक येतील, प्रभुभोजन तेव्हा, बाकीचे रविवार तुमचे लोकल प्रीचर सांभाळतील. लोकल प्रीचर म्हणजे उपदेश करायची मान्यता मिळालेला सामान्य सभासद, मेथडिस्टांची ही फार जुनी ताकद आहे, निम्मं चर्च अशाच लोकांनी उभं केलंय. तुमच्यातला एखादा शिक्षक, एखादा बँकेतला माणूस नाहीतर नर्सताई यासाठी आत्ताच पुढे करा.

पास्टोरेट कमिटी रोजचं बघते, पैसे, इमारत, संडे स्कूल, महिलांची सोसायटी, तरुणांचा एमवायएफ (मेथडिस्ट यूथ फेलोशिप). वर्षाची मोठी सभा म्हणजे पास्टोरेट कॉन्फरन्स, पूर्वी हिलाच क्वार्टर्ली कॉन्फरन्स म्हणायचे. डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट येऊन अध्यक्षपद घेतात, पाळक आणि प्रत्येक विभाग रिपोर्ट वाचतो, हिशेब मांडतात, पदाधिकारी निवडतात. इथे माझा आग्रह एकच, रिपोर्ट लिहून वाचा. "सर्व काही प्रभुकृपेने उत्तम चाललं आहे" एवढं बोलून बसणं हा रिपोर्ट नाही. किती बाप्तिस्मे, किती लग्नं, किती जण वारले, किती जण बदली होऊन गेले, संडे स्कूलला मुलं किती, वर्गणी किती आणि खर्च किती, हे आकडे डिस्ट्रिक्टला जातात, तिथून रीजनल कॉन्फरन्सच्या मिनिट्समध्ये छापले जातात, आणि पाळक द्यायचा की नाही, मदत द्यायची की नाही, हे ठरवताना लोक तेच पान उघडतात. ज्या मंडळीच्या रकान्यात चार वर्षं तेच तेच आकडे आहेत ती मंडळी झोपलीये असंच कोणीही धरणार.

लग्नाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, गोव्यात लग्नाचं सिव्हिल रजिस्ट्रेशन सगळ्यांना लागतं, धर्म कुठलाही असो. महाराष्ट्रातून नवीन आलेल्या पाळकांना हे माहीत नसतं आणि मग जोडप्याची पंचाईत होते. लग्न ठरलं की आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन या आणि मग चर्चची तारीख धरा.

पायरी ४: डीएस आणि डिस्ट्रिक्ट, इथेच बरंच काही घडतं किंवा बिघडतं

लोकांना बिशप माहीत असतात, डीएसकडे कोणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते इथेच चूक होते. डीएस हे स्वतः पाळक असतात, बिशप त्यांची नेमणूक करतात आणि डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या पास्टोरेटवर फिरून देखरेख ठेवणं हे त्यांचं काम. बिशपांना एवढ्या मोठ्या भागातली प्रत्येक मंडळी माहीत असणं शक्यच नाही, त्यांना तुमच्याबद्दल जे कळतं ते डीएसच्या तोंडून. फोंड्याच्या गटाला पाळक हवा असेल तर तो विषय बिशपांच्या टेबलावर मांडणारे डीएसच.

त्यामुळे त्यांची भेट असेल तेव्हा नुसतं हार घालून, फोटो काढून, जेवायला घालून पाठवू नका. दोन घरं दाखवा, जिथे उपासना होते ती जागा दाखवा, सभासदांची यादी आणि गेल्या वर्षाचा हिशेब हातात द्या. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून रस्ता बंद व्हायची भीती असते, म्हणून त्यांची भेट दिवाळीनंतर ते मार्चच्या आत ठेवलेली बरी.

डिस्ट्रिक्ट कॉन्फरन्समध्ये सगळ्या पास्टोरेटचे पाळक आणि निवडलेले सभासद एकत्र येतात. डिस्ट्रिक्टची कामाची दिशा, लोकल प्रीचर, पाळकपदासाठी पुढे येणारे उमेदवार, शाळा-हॉस्टेलचे प्रश्न असं सगळं येतं. तुमच्या गावचा तरुण पाळक व्हायला निघाला असेल तर त्याचा रस्ता इथूनच जातो, घरच्या मंडळीची शिफारस, मग डिस्ट्रिक्ट, मग रीजनल कॉन्फरन्स. थेट सेमिनरीत अॅडमिशन घेऊन आला आणि नंतर "मला आता पाळक करा" म्हटलं तर होत नाही.

पायरी ५: रीजनल कॉन्फरन्स

हा मधला सगळ्यात जड थर. मेथडिस्ट पद्धतीत पाळक हा स्थानिक मंडळीचा सभासद नसतो, तो कॉन्फरन्सचा सभासद असतो. मंडळी त्याला नोकरीवर ठेवत नाही आणि काढूही शकत नाही. त्याची दीक्षा, त्याची बढती, त्याच्यावरची चौकशी, त्याची निवृत्ती सगळं कॉन्फरन्सकडे. त्यामुळे एखाद्या पाळकाबद्दल खरीच गंभीर तक्रार असेल तर ती सही करून लेखी डीएसकडे द्या, फेसबुकवर टाकून काही होणार नाही, उलट खरी तक्रारही भांडण म्हणून बाजूला पडेल.

बिशप अध्यक्षस्थानी, पाळक आणि मंडळ्यांतून निवडून आलेले सामान्य सभासद समोर, असे काही दिवस अधिवेशन चालतं. रिपोर्ट, बजेट, प्रत्येक मंडळीने वर पाठवायच्या रकमेची वाटणी, कमिट्या, ठराव. आणि शेवटच्या सत्रात नेमणुका वाचल्या जातात. बिशप डिस्ट्रिक्टनुसार एकेक नाव घेतात, अमुक पास्टोरेट, अमुक पाळक. हॉलमध्ये पाळकांच्या बायका बसलेल्या असतात, कोणाची मुलगी दहावीला, कोणाची नोकरी त्याच गावात, आणि दोन ओळींत पुढची काही वर्षं ठरून जातात. ही यादी बिशप आणि सगळे डीएस मिळून, म्हणजे कॅबिनेट, आधी बसून तयार करतात. मंडळी आपलं मत सांगू शकते, पाळकही आपली अडचण सांगू शकतो, पण नेमणूक बिशपांची. म्हणून "आम्हाला मराठी येणारा पाळक द्या" हे सांगायचं असेल तर अधिवेशनाच्या दिवशी जाऊन उपयोग नाही, काही महिने आधी पास्टोरेट कमिटीचा ठराव डीएसकडे पोचलेला हवा. ठरावात पाळकाचं नाव घालू नका, गरज लिहा: इतकी कुटुंबं, इतकी मुलं, भाषा मराठी, राहायला दोन खोल्यांची सोय आम्ही करतो, आणि महिन्याला इतकी रक्कम आम्ही नक्की उभी करतो. शेवटची ओळ सगळ्यात वजनदार.

डेलिगेट निवडताना मोठ्याने बोलणारा माणूस शोधू नका, वाचणारा शोधा. अजेंडा आणि रिपोर्टची जाडजूड फाइल मिळते, ती आदल्या रात्री वाचून, खुणा करून बसणारी एखादी बाई दहा भाषणं ठोकणाऱ्यांपेक्षा मंडळीच्या जास्त कामाला येते. आणि बायकांना, तरुणांना पाठवा, दर वेळी तेच ते पन्नाशीचे भाऊ नकोत.

पायरी ६: एपिस्कोपल एरिया आणि जनरल कॉन्फरन्स

एपिस्कोपल एरिया म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीतला भाग, बरेली, लखनौ, दिल्ली, मुंबई, हैदराबाद, बंगळुरू अशी त्यांची नावं. बिशप ही एकट्या एरियाची निवड नसते, जनरल कॉन्फरन्स त्यांना निवडते आणि एरिया नेमून देते, म्हणून उत्तरेतले बिशप दक्षिणेत आणि इकडचे तिकडे जाऊ शकतात. जनरल कॉन्फरन्स चार वर्षांच्या हिशेबाने भरते, रीजनल कॉन्फरन्सनी निवडलेले पाळक आणि सभासद तिचे डेलिगेट. चर्चचं नियमाचं पुस्तक, बुक ऑफ डिसिप्लिन, बदलायचा अधिकार तिलाच. दोन अधिवेशनांच्या मधे एक्झिक्युटिव्ह काउन्सिल कारभार बघते. फोंड्याच्या गटाला या थराशी रोजचं काम पडत नाही, पण डिसिप्लिनची एक प्रत मंडळीत हवीच, कपाटात कुलूपबंद न ठेवता टेबलावर. कमिटीत अर्धी भांडणं ही नियम काय आहे ते न बघता झालेली असतात.

पायरी ७: जागा घ्यायची असेल तर

इथे थांबा आणि दोनदा विचार करा. मेथडिस्ट चर्चची जमीन-इमारत स्थानिक मंडळीच्या किंवा कोणा भाऊसाहेबांच्या नावावर नसते, संपूर्ण चर्चच्या वतीने ट्रस्टकडे असते आणि विकणं, भाड्याने देणं, गहाण टाकणं यापैकी काहीही स्थानिक कमिटी आपल्या सहीने करू शकत नाही. हा नियम जाचक वाटतो पण शहरातल्या जागांचे भाव बघता तो असणं गरजेचं आहे, नाहीतर एका पिढीने घामाने उभं केलेलं पुढच्या पिढीतले चार जण विकून मोकळे होतील.

गोव्यात सातबारा नाही, एक-चौदाचा उतारा असतो. तो काढून मालकाचं नाव आणि कुळाची किंवा मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची) नोंद आहे का ते बघा. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या जुन्या सामायिक संस्थेची, निघाली तर तिचे नियम वेगळे. सर्व्हे प्लॅन घ्या, गोव्यातल्या वकिलाला दाखवा, आणि अॅडव्हान्स द्यायच्या आधी कागद डीएसमार्फत वर पाठवा. घाईत कोणा एका सभासदाच्या नावावर जागा घेऊन "नंतर चर्चच्या नावावर करू" असं अजिबात करू नका. तो माणूस कितीही चांगला असला तरी त्याचे वारस तुम्हाला माहीत नसतात.

कॉन्फरन्सहून परत आल्यावर

डेलिगेट परत आला की पुढच्याच रविवारी उपासनेनंतर पंधरा मिनिटं त्याला द्या. काय ठरलं, आपल्यावर किती रक्कम आली, आपल्या ठरावाचं काय झालं, एवढं सांगायचं. ठराव मंजूर झाला नसेल तर का नाही ते डीएसना विचारून घ्यायचं आणि कमी पडलेली गोष्ट, बहुतेक वेळा सभासदांची पक्की यादी नाहीतर ऑडिट, त्या वर्षात पूर्ण करायची. मिनिट्सची छापील प्रत आली की आपल्या मंडळीचं पान उघडून आपण पाठवलेले आकडे आणि छापलेले आकडे ताडून बघा, चूक असेल तर लगेच सेक्रेटरींना लिहा, आणि त्या पत्राची एक प्रत फाइलला लावा.